त्यांनी न रंगवलेला बोर्ड

"मोठ्यानं वाच," ते म्हणायचे, आणि तुमचा कागद तुम्हालाच परत द्यायचे.

तुम्ही बोर्ड रंगवून घ्यायला गेला आहात. पत्रा आणला आहे, मॅटर लिहून आणलं आहे, घाई आहे. पण पेंटरकाका ब्रश उचलत नाहीत, डबा उघडत नाहीत. टर्पेंटाइनच्या फडक्यानं एकेक बोट पुसत, तुमच्याकडे न पाहता, एवढंच म्हणतात. मोठ्यानं वाच. शेजारी चहाचा ठेला, समोर भाजीची गाडी, पलीकडे पंक्चरवाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायचं. मगच त्यांची दोरी खडूत बुडायची आणि पत्र्यावर ओळी पडायच्या.

कारण विचारलं तर म्हणत, "चूक होऊ नये म्हणून, बाप्पा. एकदा रंग वाळला का चूक माह्या बापाची."

हे कारण खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं समजायला चौकात तासभर बसावं लागायचं. एक मिठाईवाले शेठ 'शुद्ध तुपातील' असं मॅटर घेऊन आले. नाव, पत्ता खणखणीत वाचला. 'शुद्ध'पाशी आवाज बसला. काकांनी मान वर केली. "काहून शेठ, सर्दी झाली का?" शिकवणीच्या एका सरांनी 'दहावी गॅरंटीने पास' वाचलं, तेव्हा मागच्या वर्षीच्या एका नापास मुलाचे वडील ठेल्यावर बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली. "कोनची गॅरंटी, सर?" सरांनी तिथेच पेन काढून तो शब्द खोडला. काका म्हणाले, "मी काही म्हणलं का गा?"

असे पेंटर तुम्हीही पाहिले असतील. आता कमी दिसतात. फ्लेक्स आल्यावर त्यांचं मोठं काम गेलं आणि बारकं उरलं: घरावरची नावं, 'गेटसमोर गाडी लावू नये', 'कुत्र्यापासून सावध', 'रूम भाड्याने देणे आहे'. आमचा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली कॉलनी, जरीपटक्याच्या बाजारापासून पायी दहा मिनिटांवर. लेआउटच्या गेटाबाहेर, कोपऱ्यावर काकांची टिनाची टपरी. साठी ओलांडलेला, काडीसारखा माणूस, केसांना मेंदी, शर्टावर सगळ्या नागपूरचे रंग. डाव्या हातात काठी आडवी धरून तिच्यावर उजवं मनगट टेकवायचे आणि एका दमात 'श्री' काढायचे. लाल रंग कालवताना भिंतीला खोचलेल्या सुक्या मिरचीकडे पाहायचे. मिरची भिवापूरची, काकांचं गावही तेच. "कंपनीचा लाल म्हंजे लिपस्टिक. लाल म्हंजे हा."

त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. आमच्याकडे नाव विचारतात ते आडनावासाठी आणि आडनाव विचारतात ते कशासाठी, हे तुम्हाला माहीत आहे.

"काकाजी, पूर्ण नाव काय तुमचं?"

"पेंटर."

"आडनाव?"

"बोर्डवाले."

समोरचा हसायचा. मग थोड्या वेळानं गाव विचारायचा, मग गावात कोणत्या बाजूला घर. काका तोवर दुसऱ्या ओळीवर पोचलेले असायचे.

भाड्याच्या खोल्यांचे बोर्ड हा त्यांचा खास विषय. 'फक्त फॅमिली' ते लिहून देत. 'फक्त शाकाहारी' कुरकुरत लिहून देत. एकदा एक गृहस्थ 'फक्त आपल्या माणसांसाठी' असं मॅटर घेऊन आले.

"आपले म्हंजे कोणते गा?"

"समजून घ्या नं काकाजी."

"मले समजते. बोर्डाले समजत नाही. जात सांग, तुह्या घराएवढ्या अक्षरात काढून देतो. पण पहिले वाच. मोठ्यानं."

ते गृहस्थ चौकाकडे पाहत राहिले. भाजीवाली त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी पत्रा काखेत मारला आणि कोराच परत नेला. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "पाह्यलं वं? लिहाले हात लागते. वाचाले तोंड लागते."

मी तेव्हा कॉलेजात होते आणि तोंडाची मला कमी नव्हती. आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. बाबा छापखान्यात कामाला. सभा, मोर्चा, उपोषण, सगळ्यांची पत्रकं सुतळीनं बांधून पलंगाखाली ठेवलेली. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. 'बंधू-भगिनींनो' हा शब्द मला 'आई'च्या आधी वाचता आला, असं बाबा कौतुकानं सांगत. आणि दुसरी एक गोष्ट सांगत, ती कौतुकानं नाही: तरुणपणी नागपुरात आल्यावर खोली शोधत हिंडले तेव्हा घरमालक आधी हसून पाणी द्यायचे, मग आडनाव विचारायचे, आणि मग खोली कालच गेलेली असायची. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली की पाण्याचा तांब्या पितळेचा होता हेसुद्धा मला पाठ आहे.

दूर एका देशात गोऱ्या पोलिसांनी एका काळ्या माणसाचा जीव घेतल्याची बातमी आली, तेव्हा मी पत्रक लिहिलं. सदर बाजारातल्या फुटपाथवर उभं राहून वाटलं. त्यासाठीचा कापडी बॅनर काकांनी रंगवला, फुकट. मला वाचायला लावलं. मी असं वाचलं की पंक्चरवाल्यानं हवा भरायची थांबवली. काका ऐकत होते. मग म्हणाले, "मस्त आहे. दूरचं वाचाले सोपं असते."

मला राग आला. मी त्यांना वर्ण आणि जात यांच्या संबंधावर दहा मिनिटं ऐकवलं. त्यांनी तोवर माझ्या बॅनरवरची उद्गारचिन्हं रंगवून संपवली. "एवढे खांब काहून लागते तुले?" एवढंच विचारलं.

मग जोसेफ आला.

टांझानियाचा, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. आमच्या गल्लीतल्या सुमनकाकूंनी वरची खोली त्याला दिली. काकू एकट्या, यजमान गेलेले, मुलगी पुण्यात. त्याआधी किती घरं फिरला हे जोसेफ बोटांवर मोजून सांगायचा आणि दुसऱ्या हातावर जायचा. कॉलेजच्या वसतिगृहात शेवटच्या वर्षाला जागा देत नव्हते. ही खोली गेली असती तर परीक्षा गेली असती, आणि परीक्षा गेली असती तर व्हिसा. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंनीच सांगितलं होतं, दया यावी म्हणून.

दया आली नाही. स्कूलव्हॅनमधली पोरं 'काल्या, काल्या' ओरडत जायची आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून ताल धरायचा. बायका कडेवरच्या बाळाचं तोंड फिरवायच्या. किराणावाला बिस्किटाचा पुडा त्याच्या हातात न देता काउंटरवर ठेवायचा आणि हात मागे घ्यायचा. एकदा बाबांनी ते पाहिलं. घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाले, "हे मी पाह्यलेलं आहे."

जोसेफ बसायचा तो काकांच्या टपरीत, उलट्या डब्यावर. अक्षरं शिकायचा. काका पत्र्याच्या तुकड्यावर 'क' काढायचे आणि तो वहीत. त्याचा 'ळ' काकांपेक्षा गोल यायला लागला, तेव्हा काकांनी तो ठेल्यावर सगळ्यांना दाखवला. "पाहा बे, शिका काही. आपल्या पोट्ट्यायले हा जमत नाही."

मी एकदा म्हटलं, काका, तुम्ही वेगळे आहात. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"काही वेगळा नाही. पहिल्या दिवशी तो रस्ता विचाराले आला तं मीबी म्हणलो होतो, 'बोल बे काल्या.' सवयीनं. त्यानं पाह्यलं माह्याकडे. असं पाह्यलं का मले वाटलं, कोणी शिवी दिली बाप्पा? इकडेतिकडे पाह्यलं मी. दुसरं कोणीच नव्हतं."

"समाजच असा आहे काका. लहानपणापासून..."

"समाजगिमाज मले नाही समजत. तोंड माह्यं होतं."

दुसऱ्या दिवशी ते त्याच्या खोलीवर गेले होते. जिना चढून. माफी कशी मागितली ते सांगायचे नाहीत. जोसेफ सांगायचा, हसत, की काकाजी आले, उभे राहिले, संत्र्यांची पिशवी दिली आणि विचारलं, "आपके गाव में आपको क्या बोलते?"

परीक्षेला दीड महिना असताना लेआउटच्या बोअरवेलची मोटार चोरीला गेली. कोणी नेली हे आजवर कळलेलं नाही. पण संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. कमिटीची मीटिंग झाली. सचिव रमेशभाऊ. हा माणूस वाईट नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. कोरोनात याच रमेशभाऊंनी स्वतःच्या गाडीतून आमच्या आईला दवाखान्यात नेलं होतं. दुष्ट माणसं असती तर माझं काम सोपं होतं. मीटिंगमध्ये ठरलं: गेटवर बोर्ड लावायचा. म्हणजे सुमनकाकूंना कुणी तोंडानं काही म्हणायला नको. बोर्ड म्हणेल.

रमेशभाऊ पत्रा आणि मॅटर घेऊन काकांकडे गेले. काका म्हणाले, मोठ्यानं वाच. पहिल्या मॅटरमधला एक शब्द मी इथे लिहिते आहे, कारण पुसण्याचं काम मी एकदा केलेलं आहे. मॅटर असं होतं: 'सूचना. या लेआउटमध्ये हबशी व तशा लोकांना रूम देऊ नये. दिल्यास कमिटी कारवाई करेल.'

रमेशभाऊंनी 'सूचना' वाचलं. 'या लेआउटमध्ये' वाचलं. ठेल्यावर जोसेफ चहा पीत उभा होता. त्यानं ओळखीचं हसून नमस्कार केला. रमेशभाऊ पुढे वाचू शकले नाहीत. "नंतर येतो काकाजी," म्हणाले आणि गेले. हे मला भाजीवालीनं सांगितलं. म्हणाली, काका दिवसभर गुणगुणत होते.

त्या संध्याकाळी रमेशभाऊ आमच्याकडे आले.

"वैनी, चहा नोको. काम पोट्टीकडे आहे. तू तं लेखिका वं. हे जरा भाषा सुधरून दे. सभ्य पाह्यजे."

मी वाचलं. माझे कान तापले. "रमेशभाऊ, असं लिहिता येत नाही. हा गुन्हा आहे."

"म्हणूनच तं तुह्याकडे आलो नं! मले काय लिहिता येते?"

मी आईकडे पाहिलं. आई माझ्याकडे पाहत होती. त्याच वर्षी बाबांना कमिटीत घेतलं होतं. लेआउटमध्ये अठरा वर्षं राहिल्यावर, पहिल्यांदा. गणपतीच्या वर्गणीला घरी येणारे लोक आता आत येऊन बसायला लागले होते. आई हळूच म्हणाली, "देऊन टाक. नोको भांडू. दोन ओळी तं आहेत." बाबांनी पेपर डोळ्यांसमोर धरला. पितळेच्या तांब्याची गोष्ट सांगणारा माझा बाप क्रिकेटचं पान वाचत होता.

मी स्वतःला सांगितलं, निदान तो शब्द तरी काढते. आणि पेन घेतलं.

दहा मिनिटं लागली. एकदा लिहिलं, वाक्य लांब वाटलं, आखूड केलं. एक स्वल्पविराम हलवला. ती दहा मिनिटं मला आवडली होती, हेही सांगते. 'सूचना. लेआउटमधील शांतता, सुरक्षितता आणि सांस्कृतिक एकोपा जपण्यासाठी खोल्या केवळ स्थानिक कुटुंबांनाच भाड्याने द्याव्यात, ही सर्वांना नम्र विनंती.'

रमेशभाऊंनी वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा! आता यात कोणाले काय वाटन? सकाळी तूच चाल माह्यासंग. म्हातारा वाचाले लावते."

सकाळी मी गेले. काकांनी आधी पत्र्याकडे पाहिलं, मग रमेशभाऊंकडे, मग माझ्याकडे. बोटं पुसली.

"वाच वं."

मी वाचलं. नीट, स्पष्ट, कुठेही न अडखळता. जोसेफ त्या वेळी कॉलेजला गेला होता, पण तो असता तरी मी वाचू शकले असते, अशीच ती भाषा होती. पंक्चरवाल्यानं मान वर केली नाही. भाजीवाली म्हणाली, "छान लिहिलं बाई."

"अजून एकदा," काका म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. दुसऱ्या वेळेला जास्त चांगलं वाचलं गेलं.

काका उठले. टपरीच्या दाराशी आले. इतक्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पापण्यांवरही पांढऱ्या रंगाचे ठिपके होते.

"काल याची जीभ अटकली होती," ते रमेशभाऊंकडे बोट करून मला म्हणाले. "मी खुश होतो दिवसभर. म्हणलं, चला, लाज बाकी आहे थोडी. तू ते बी पुसून टाकली वं."

"काका, मी तो घाण शब्द काढला."

"शब्द काढला. बाकी?"

"काकाजी, पहिले काम करा, प्रवचन मंग," रमेशभाऊ म्हणाले.

काकांनी पत्रा उचलून त्यांच्या हातात दिला. "हे मी नाही लिहत. आतापरयंत लोकायच्या लाजेवर भागवलं मी. वाचाले लावलं का आपोआप परत जात होते, मले नाही म्हणाची गरजच पडली नाही. आज मलेच म्हणा लागते. नाही लिहत."

"टपरी कोणाच्या जागेत आहे, मालूम आहे नं?"

"मालूम आहे. उचला मंग."

रमेशभाऊ पत्रा घेऊन चालू लागले. मी मागे राहिले. मला त्यांना पटवायचं होतं. पटवण्याची मला सवय होती. म्हटलं, "काका, तुम्ही नाही लिहिलं तर ते फ्लेक्स करतील. तासाभरात होतं. मग काय फरक पडला?"

"मी नाही लिहिलं, एवढा फरक पडला."

"एवढ्यानं काय होतं?"

"तू नसतं लिहिलं तं समजलं असतं, काय होते ते."

फ्लेक्स दुपारपर्यंत लागला. वर गणपती, बाजूला फुलांची वेल, मध्ये माझी ओळ. एकही चूक नव्हती. संध्याकाळी मी गेटातून आत येत होते तर जोसेफ फ्लेक्सखाली उभा. बोट हवेत फिरवत, काकांनी शिकवलेलं एकेक अक्षर जोडत वाचत होता. सां-स्कृ-तिक. जोडाक्षरापाशी थांबून पुन्हा मागे जात होता. मला पाहून हसला. या वस्तीत त्याच्याशी इंग्रजीत बोलणारी मी एकटी. त्याला वाटायचं, मी त्याच्या बाजूची आहे.

"दीदी, ये 'स्थानिक' मतलब?"

मी सांगितलं.

त्यानं पुन्हा वर पाहिलं. मग वाचत राहिला, शेवटपर्यंत. 'नम्र विनंती'चा अर्थ त्यानं मला विचारला नाही.

सुमनकाकूंनी आठ दिवसांची मुदत दिली. हात जोडून रडल्या. "बेटा, मले इथंच राहाचं आहे रे," म्हणाल्या. खोटं नव्हतं. आठ दिवस जोसेफ हिंडला. खोल्या सगळीकडे कालच गेलेल्या होत्या. नवव्या दिवशी तो दोन बॅगा घेऊन काकांच्या खोलीवर राहायला गेला. ती खोली लेआउटच्या मागे, नाल्यापलीकडच्या वस्तीत. एकच खोली, एकच खाट. काका जमिनीवर झोपायला लागले, आणि कंबर धरून चालायला लागले. कोणी विचारलं तर म्हणत, "गादी मऊ होती, बाप्पा, झोपच नव्हती येत."

त्याच आठवड्यात एका सकाळी कमिटीच्या माणसांनी टपरी उचलली. 'अतिक्रमण' म्हणाले. हाही सभ्य शब्द आहे. टिन वाकलं, डबे रस्त्यावर सांडले. काका डब्यांची झाकणं गोळा करत होते. चौकातलं कोणी उठलं नाही.

मी तेव्हा काय केलं? पत्रक लिहिलं. मला दुसरं काही येत नव्हतं. रात्रभर नाही, दुपारी, जेवल्यावर, पंख्याखाली बसून. 'आपल्या दारातला वर्णद्वेष' असा मथळा. छापलं आणि पहिली प्रत काकांना द्यायला नाल्यापलीकडे गेले. जोसेफ दारात अभ्यास करत होता. त्यानं मला पाहून वही जवळ घेतली आणि बसायला जागा दिली. मला तिथे बसवलं नाही. काकांनी पत्रक डोळ्यांशी धरून सावकाश वाचलं. मनातल्या मनात.

"सगळे आहेत यात," ते म्हणाले. "लोक आहेत, समाज आहे, मानसिकता आहे. तू कुठी आहेस?"

"म्हणजे?"

"बोर्ड कोणी लिहिला ते नाही लिहिलं."

मी म्हटलं, पत्रकात वैयक्तिक काही घालायचं नसतं. हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा ते मला अगदी बरोबर वाटलं होतं. काकांनी पत्रकाची घडी घातली, जोसेफच्या डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवली आणि टेबल हलवून पाहिलं. "हां, आता ठीक आहे," म्हणाले. ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं.

ती ओळ पुढे फार चालली. नाल्याकडच्या लेआउटनं घेतली, मग बाजारामागच्या कॉलनीनं. तोच स्वल्पविराम, तीच नम्र विनंती. मी आता त्या गेटांवर जाते, त्यांच्या सचिवांना भेटते, सांगते की हे मी लिहिलं आहे आणि ते खाली उतरवा. बहुतेक जण आधी हसतात. एकानं मला खुर्ची दिली. "अरे, तुम्हीच का त्या मॅडम? लय भारी भाषा आहे. आमच्याकडे कामवाल्या बायांच्या लिफ्टसाठी एक सूचना लिहाची आहे." दोन ठिकाणचे फ्लेक्स उतरले. आमच्या गेटावरचा मी स्वतः उतरवला, भरदिवसा, बाबांनी शिडी धरली. आठवड्यानं तीच ओळ पत्र्यावर आली, नटबोल्ट मारून. बाबा आता कमिटीत नाहीत. आमच्याकडे कोणी आत येऊन बसत नाही. आई याबद्दल माझ्याशी बोलत नाही, बाबांशी बोलते.

काका गेल्या उन्हाळ्यात वारले, भिवापूरला, भाचीच्या घरी. आम्हाला तेरवीनंतर चहाच्या ठेल्यावर कळलं. जोसेफला मी कळवलं. तो पास होऊन परत गेला आहे, एका दवाखान्याच्या औषध-दुकानात काम करतो. त्यानं देवनागरीत एकच शब्द लिहून पाठवला: काकाजी.

पण मला आठवतात ते काका टपरीतले नाहीत. परीक्षेच्या दिवसांतले आहेत.

नाल्यापलीकडून बसस्टॉपला जायचा सरळ रस्ता आमच्या लेआउटमधून जातो. फ्लेक्स लागल्यावर मोटारसायकलवरच्या पोरांनी जोसेफला दोनदा अडवलं होतं, एकदा दगडही मारला. तो लांबून, नाल्याच्या कडेनं वळसा घालून जायचा. परीक्षेच्या पहिल्या दिवशी सकाळी काकांनी धुतलेला शर्ट घातला आणि त्याला घेऊन आमच्या मागच्या गेटातून आत शिरले.

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मला जोसेफचा आवाज आला. "काकाजी, उधर से चलते है ना."

"काहून? रस्ता सरकारचा आहे."

ते रस्त्याच्या कडेनं चालले नाहीत. मधोमध चालले. काकांचा एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात जोसेफचं पाऊच आणि पाण्याची बाटली, जणू परीक्षा त्यांचीच आहे. पोरं मोटारसायकलवर बसलेली होती. रमेशभाऊ दारात पेपर घेऊन उभे होते. किराणावाला शटर अर्धं उचलून थांबला. सगळ्यांच्या हातात एकदम काही ना काही काम आलं. माझ्या हातात ओला टॉवेल होता. मी तो पिळत राहिले, पाणी संपलं तरी. काकांनी एकाही घराकडे पाहिलं नाही. आमच्या गॅलरीकडेही नाही.

पेपर सहा होते. दुसऱ्या दिवशी मी गॅलरीतच होते. तिसऱ्या दिवशी जिन्यापर्यंत आले आणि आईनं काहीतरी विचारलं म्हणून थांबले. आईनं काय विचारलं होतं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

चौथ्या दिवशी मी उतरले. पायात आईच्या चपला होत्या. ते दोघं रमेशभाऊंच्या घरापाशी पोचले होते. मी धावले नाही, पण भरभर चालले, आणि सगळ्या दारांतून माझ्याकडे पाहिलं जातंय हे मला पाठीवर जाणवत होतं. तीन दिवस हे त्या दोघांच्या पाठीवर होतं. मी जवळ पोचले. काय बोलावं हे मी ठरवलं नव्हतं, आणि काका काही विचारत नव्हते.

ते थांबलेही नाहीत. चालता चालता फक्त थोडे डावीकडे सरकले, मला मध्ये चालता येईल एवढे.